चुनकळीवरची शिवण

आमच्यात अबोला होता तेव्हाही आम्ही दोघी जावा एकाच ताडपत्रीवर शिवणकाम करत होतो. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. अबोला धरायला वेगळी चूल मांडावी लागते असं कोणी सांगितलंय? एका घरात राहून, एका ताटातली भाकरी मोडून, एका दोऱ्याची दोन टोकं धरूनही माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या तळवलीत तर अशी घरं पैशाला पासरी सापडतील.

दुर्गाबाई माझी मोठी जाऊ. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून, तळवलीच्या फाट्यावर आमची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागच्या अंगाला घर. शेती सरकारात गेली, आमचे नवरे, दोघे भाऊ, कारखान्यात पाळीवर लागले. आम्ही दोघी लावणी-कापणी करून वाढलेल्या बायका, घरात बसून एकमेकींची तोंडं किती दिवस बघणार? रस्त्यावर ट्रकांची रीघ, ट्रकांवर ताडपत्र्या, आणि ताडपत्री म्हटली की ती फाटायचीच. जाऊबाईचा बाप करावे गावचा. खाडीत होडी घालायचा. त्याच्याकडून ती शीड शिवायला शिकलेली. तिनं सुरुवात केली आणि मला ओढलं. मी कुरकुरत गेले आणि मग मला ते काम आवडलं.

मोठी ताडपत्री एकटीनं शिवता येत नाही. ती बांबूवर ताणायची. एकीनं वर बसायचं, एकीनं खाली. वरचीनं दाभण खाली सोडायचा, खालचीनं तो ओढून घ्यायचा आणि बोटभर अंतरावरून परत वर द्यायचा. जाड कापडातून पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून सोडणारीनं सोडताना "देतंव" म्हणायचं आणि घेणारीनं "घेतला" म्हणायचं. त्याशिवाय दोरा ताणायचा नाही. हा आमच्या धंद्याचा नियमच होता, कारण हा नियम मोडला की दाभण सरळ तळहातात.

अबोला झाल्यावर आम्ही त्यावरही तोड काढली. दाभण टोचू नये म्हणून बोटात घालायच्या टोपणानं कापडावर टिचकी मारायची. दोन टिचक्या म्हणजे "देतंव", एक म्हणजे "घेतला". बाकी काही सांगायचं असलं तर जाऊबाई शेडच्या मधल्या खांबाला सांगायची. "खांबा, दोऱ्याला मेन लाव म्हनावं." मीही खांबालाच उत्तर द्यायची. "खांबा, लावलंय म्हनावं, डोले नायत काय?" त्या खांबाला आम्ही जेवढं ऐकवलं तेवढं सात जन्मांच्या नवऱ्याला ऐकवलं नसेल.

अबोल्याचं कारण नंदिनी. नंदी जाऊबाईची मुलगी. तिच्या जन्मानंतर जाऊबाई तापानं अंथरुणाला खिळली, आणि ते पोर पहिल्या दिवसापासून माझ्या मांडीवर आलं. मला मूल नाही. बकरीचं दूध पाजून, रात्र रात्र खांद्यावर घेऊन मी तिला वाढवलं. जाऊबाई बरी झाली तरी नंदी झोपायला माझ्याकडेच यायची. तरी गावात बाईला हाक मारतात ती पोराच्या नावानं. जाऊबाईला सगळे "नंदीची आय" म्हणायचे. मला रखमा. म्हातारे, तरणे, वाणी, न्हावी, सगळ्यांना मी नुसती रखमा. मला त्याचं वाईट वाटायचं. आता सांगायला लाज नाही, फार वाईट वाटायचं.

वैशाखात नंदीचं लग्न झालं. हळदीला लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं गाता गाता हाक दिली, नवरीच्या आयला पुढं बोलवा. मी हळदीचं ताट घेऊनच उभी होते. माझे पाय आपोआप पुढे गेले. जाऊबाईनं साऱ्या बायकांसमोर माझा दंड धरून मला मागं सारलं. "आय मी हाय," ती म्हणाली.

माझ्या नाकावर राग कायमचा बसलेला. मी ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "जल्म दिला म्हनून कोन आय होत नाय."

गाणं थांबलं. हळदीच्या मांडवात गाणं थांबणं म्हणजे काय ते आमच्या बायकांना विचारा. त्या दिवसापासून आमच्यात खांब आला.

पावसाळा संपला, दिवाळी झाली. लोक आपापल्या दुरुस्त झालेल्या ताडपत्र्या घेऊन गेले होते आणि शेडमध्ये उरले होते ते नुसते तुकडे, एक ना धड भाराभर चिंध्या. समुद्रात वादळ आहे, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. दुपारी आभाळ खाडीच्या अंगानं काळं होत आलं, आणि तेवढ्यात फजलचा ट्रक एका अंगाला कलंडत आमच्या शेडसमोर येऊन थांबला. थांबला कसला, बसलाच.

फजल उरणकडचा. ट्रक त्याचा स्वतःचा, आणि आमचं जुनं गिऱ्हाईक. नंदीच्या हळदीला जेवून गेलेला. तो उडी मारून खाली उतरला, तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"भाबी, स्प्रिंगचा पाटा तुटला. आणि वर बाभळीच्या फांदीनं ताडपत्री फाडली."

"आत काय हाय?" जाऊबाईनं विचारलं.

"चुनकळी."

आम्ही दोघीही उभ्या राहिलो. चुनकळी म्हणजे भाजलेला, न विरलेला चुना. घर सारवणाऱ्या, भिंतीला चुना मारणाऱ्या बाईला चुनकळी काय आहे हे सांगावं लागत नाही. मडक्यात चार खडे टाकून पाणी ओतलं तरी ते खदखदून उकळतं, मडक्याला हात लावू देत नाही. इथं ट्रकभर गोण्या होत्या. त्या रबाळ्याच्या पुढे एका कारखान्यात जायच्या होत्या. आणि वर आभाळ.

फजल मागच्या फाळक्यावर चढला. येताना वाटेतच चार थेंब पडले होते. फाटक्या जागेखालची एक गोणी त्यानं बाहेर ओढली आणि रस्त्याच्या कडेला फेकली. गोणीच्या एका कोपऱ्यातून वाफ येत होती. आमच्या डोळ्यांसमोर ती कोपऱ्याकडून फुगली, तपकिरी झाली, आणि मग काळी. तागाचा जळका वास आला. एवढ्याशा ओलीनं.

मी शेडकडे पाहिलं. ट्रकचा मागचा भाग शेडच्या छपराला जवळजवळ टेकला होता. शेडमध्ये ठिगळ चिकटवायच्या सोल्युशनचे डबे, डांबराचं पिंप, मेण, चिंध्या. पेटायला यापेक्षा काय लागतं? आणि मागं घर. ट्रक जागचा हलत नव्हता. गोण्या उतरवायच्या तर पावसातूनच उतरवाव्या लागणार, आणि ठेवायच्या कुठं? आमच्या शेडचा पत्रा चार ठिकाणी गळत होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"रबाळ्याच्या हॉटेलावर ट्रक लागलेले असतात. कोणाची ताडपत्री मिळते का बघतो," फजल म्हणाला आणि जाणाऱ्या एका टेम्पोला हात करून त्यात चढला. तो वळणाआड गेला आणि आम्ही दोघी उरलो. आम्ही दोघी आणि खांब.

ताडपत्री नव्या चालीची होती. हिरवी, जाड, दोन्ही अंगांनी रबरासारखा लेप दिलेली. फजल तिच्यावर फार खूश. आम्हाला तिचं काम ठाऊक होतं. ती शिवायची नसते. जागा पुसून कोरडी करायची, काचकागदानं घासायची, सोल्युशन लावायचं, ठिगळ बसवून गरम इस्त्रीनं दाबायचं. शिवली की सुईचं प्रत्येक भोक गळतं. पण हे सगळं कोरड्या कापडावर. ओल्या लेपावर सोल्युशन धरत नाही. जाऊबाईनं शिडीवर चढून फाटक्या कडेला हात लावला, बोटं पाहिली आणि खाली येऊन खांबाकडे तोंड केलं.

"खांबा, चिकटनार नाय. शिवाया लागंल. जागच्या जागी."

"खांबा, भोकं गलतील म्हनावं."

"आतून मेन घासायचं भोकांवर. ठिगल आतून लावायचं, वरची कड खालच्या कडंवर, कौलासारखी. आनी आत मी जातंव."

यावर मी खांबाला विसरून तिच्याकडे बघितलं. तिचा गुडघा धड नाही. आडव्या गोण्यांवरून, कमानीच्या बांबूंखालून तिला सरपटता येणार नव्हतं. शिवाय वरचं काम अवघड. वरून दाभण सोडणाऱ्या हातानंच ताण धरायचा असतो, तो हात तिचा, माझा नाही.

पण खरं कारण ते नव्हतं. तिला आत काही झालं असतं तर मी नंदीला काय तोंड दाखवलं असतं? नंदीची आई ती होती. तिनंच सगळ्यांसमोर तसं सांगितलं होतं ना? मग तिनं वर बसावं, मी आत जाते. रागही खरा होता आणि काळजीही खरी होती. कोणतं किती ते मला त्या वेळी कळलं नाही.

"खांबा, मी बारीक हाय, मी जातंव," म्हणाले आणि पदर खोचला.

ती शेडमध्ये जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर आपटली. "चुना लागला का कातडी सोलते म्हनावं." मी हाताला, मानेला, तोंडाला तेल चोपडलं. कोरडं फडकं नाकावरून बांधलं. ठिगळ, मेणाचा गोळा आणि घमेलं घेतलं. घमेलं फाटक्या जागेखाली ठेवायला. शिवून होईपर्यंत जे पाणी आत येईल ते त्यात पडू दे.

मागच्या फाळक्यावरून आत शिरले. आत अंधार आणि उकाडा. गोण्यांवर चुन्याची पूड बसलेली. कोपरानं सरकलं की पूड उडायची आणि फडक्यातूनही घशाला झोंबायची. हातभर फाटलं होतं. त्या फटीतून उजेडाची एक पट्टी आणि वर भुरभुर सुरू होऊन ओघळणारी पाण्याची एक बारीक धार. मी घमेलं धारेखाली बरोबर धरलं, दोन गोण्यांच्या खाचेत बसवलं. पाणी घमेल्यात टपटप वाजू लागलं. मी पालथी झाले, मग उताणी. पाठीखाली चुनकळी. माझ्या घामानं ओली झाली तर काय होईल, हा विचार मी लगेच डोक्यातून काढून टाकला.

वर जाऊबाईचं पोट ताडपत्रीला टेकल्याचा फुगवटा दिसला. तिनं दोन टिचक्या मारल्या. दाभण आत आला. मी ठिगळाच्या कडेतून तो ओढून घेतला, एक टिचकी मारली, वर दिला. जमलं.

फटीच्या एका टोकाकडून आम्ही दुसरीकडे चाललो. वरची कड खालच्या कडेवर, आतून ठिगळ. प्रत्येक टाक्यानंतर मी मेण घासत होते. लेप जाड, दाभण कुरकुरत यायचा. पण यायचा. मनात म्हटलं, अबोल्यातही बायका किती शहाण्या असतात. बोलायची गरजच काय?

आणि खरा पाऊस सुरू झाला.

थेंब नाही, एकदम सरी. ताडपत्रीखाली बसून पाऊस ऐकला नसेल त्याला सांगून कळायचं नाही. सगळं वाजत होतं. कानात, दातांत, पाठीखालच्या गोण्यांतही तेच वाजत होतं. टिचकी कसली ऐकू येते! मी दोन टिचक्यांची वाट पाहत हात कापडाला लावून होते, आणि त्या वाजल्या असतीलही, दाभण सरळ माझ्या तळहातात घुसला.

मी ओरडले नाही. ओठ चावला. ओरडले असते तर ती जिंकली असती, असं मला वाटलं. एवढी चुनकळी पाठीखाली, एवढं आभाळ वर, आणि बाईच्या डोक्यात काय, तर कोण जिंकलं! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ जळायच्या बेतातच होता.

दाभण उपसला, वर दिला. रक्त लागलेल्या तळहाताला पूड चिकटली आणि हात असा भाजायला लागला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी तो तेलकट मानेवर चोळला. थोडं बरं वाटलं.

पुढचा टाका आला नाही. ती थांबली होती. माझी टिचकी तिला ऐकू आली नव्हती. मी मारली. पुन्हा मारली. नखानं कापड खरवडलं. वर काही कळत नव्हतं. उरलेल्या फटीतून पाणी आता जोरात येत होतं. घमेल्याचा आवाज बदलला होता. टपटप नाही, डबडब. मी मान वळवून पाहिलं. अर्ध्याच्या वर भरलं होतं. ते बाहेर न्यायचं तर सरपटत न्यावं लागणार. हिंदकळणार. आणि हात सोडला की ठिगळ सुटणार.

डावीकडे, फळीजवळ, काहीतरी बारीक फसफसलं. कुठून तरी एखादा थेंब गेलाच होता. जळक्या तागाचा वास आला. माझी पाचावर धारण बसली.

"एऽ!" वरून आवाज आला.

ऐकू आलं मला. पावसातूनही आलं. आणि तरी मी ओ दिली नाही. ए म्हणजे कोण? ए म्हणून कोणी कुत्र्यालाही बोलवत नाही. अशी मी. त्या अंधारात, तशा वासात, माझं नाक वरच.

"एऽ! बोल की!"

मी ठिगळ धरूनच पडले.

मग ताडपत्रीचा फुगवटा हलला. तिनं तोंड फटीला लावलं असावं, कारण पुढचा आवाज एकदम माझ्या कपाळावर पडला. तो माझ्या जावेचा आवाज वाटेना. नंदी लहानपणी विहिरीच्या काठावर गेली होती तेव्हा जाऊबाई अशी ओरडली होती, तेव्हाच काय तो ऐकला होता.

"रखमे! जित्ती हायस का गो? रखमेऽ!"

 "हाय!" मी ओरडले. "हाय बाय, हाय!"

"मंग बोल ना, भवाने! देतंव!"

"घेतला!"

"देतंव!"

"घेतला!"

त्यानंतर हात थांबले नाहीत. ती ओरडायची, मी ओरडायची. कित्येक महिन्यांचा न बोललेला साठा त्या दोन शब्दांतून बाहेर पडत होता, आणि मधे मधे शिव्याही पडत होत्या. मला जोर आला. फट वीतभर उरली. घमेलं काठाला दोन बोटं कमी. फसफस चालूच होती, पण मोठी होत नव्हती. मी डोळा घमेल्यावर, हात दाभणावर, कान वर ठेवून होते.

तेवढ्यात ट्रक हलला. पायांचे आवाज आले. माणसं चढत होती. ताडपत्रीच्या पायथ्याकडची कड सैल झाली आणि बाहेरचा उजेड अन् पावसाचा सपकारा एकदम आत आला. कोणीतरी दोरी सोडत होतं.

"भाबी, मिळाली!" फजलचा आवाज. "कापडाची मिळाली, लहान आहे पण खालून सरकवू. ए, तिकडची रस्सी खोल! पूर्ण उचल!"

ताडपत्री उचलली असती तर सगळी चुनकळी पावसात उघडी पडली असती, मधोमध मी. मला ओरडायचं होतं, पण पूड घशात गेली आणि नुसता खोकला आला. घमेलं थरथरलं. बोटभर पाणी काठावरून सांडलं आणि खालच्या गोणीनं फुस्स केलं. गरम वाफ माझ्या दंडाला लागली.

वरून जाऊबाई ओरडली. तिनं खांबाला सांगितलं नाही, फजलला सांगितलं, आणि असं सांगितलं की फाट्यावरच्या टपरीपर्यंत गेलं असेल.

"दोरी सोडू नको रे मेल्या! आत मानूस हाय!"

"कोण आहे आत?"

"नंदीची आय हाय! आत नंदीची आय हाय! बांध ती दोरी!"

कड परत घट्ट बसली. अंधार झाला.

माझा हात थांबला. दाभण अर्धा आत, अर्धा बाहेर. एवढ्या वर्षांत मला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती, आणि आता मारली ती तिनं, चार परक्या माणसांसमोर, आरोळी ठोकून. हळदीच्या मांडवात जेवढ्या बायकांनी मला मागं सारलेलं पाहिलं, त्या सगळ्या तिथं असायला हव्या होत्या, असं वाटलं. मला रडू कोसळलं.

चुन्यात रडायची सोय नसते. गालावर पूड, त्यावर पाणी. जिथून जिथून आसू ओघळलं तिथं तिथं भाजत गेलं. मी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच दाभण चाचपला.

"देतंव गो!" वरून आलं. "झोपलीस काय?"

"घेतला!"

शेवटचे टाके मी आंधळ्यासारखे घातले. तिच्या आवाजावर हात फिरवला. मेण घासलं. गाठ मारली. मग कान देऊन ऐकलं. वर धो धो पाऊस होता, पण घमेल्यात एकही थेंब पडत नव्हता.

"बाय, बंद झालं!"

"हालू नको. घमेल्याला हात लावू नको. मी येतंव."

आणि ती आली. तो गुडघा घेऊन, मागच्या फाळक्यावरून, कण्हत, शिव्या देत. मी एक डोळा किलकिला केला. गोण्यांवर पालथी पडून तिनं दोन्ही हात पुढं केले आणि घमेल्याचे कान धरले.

"सोड. धरलंय मी."

दोघींनी मिळून ते काठोकाठ भरलेलं घमेलं एकेक गोणी मागं सरकवत आणलं. फाळक्याशी फजलनं ते उचललं आणि रस्त्यावर ओतलं. मग तो आत गेला, फसफसणाऱ्या दोन गोण्या हातांना पोती गुंडाळून ओढून काढल्या आणि लांब नेऊन टाकल्या. रस्त्याच्या कडेला त्या तीन गोण्या पावसात धुमसत राहिल्या. आमची शेड उभी होती, घर उभं होतं. फजलनं ट्रकच्या फळीला कपाळ टेकवलं आणि तसाच उभा राहिला. नंतर त्यानं आणि बरोबरच्या माणसांनी आणलेली ताडपत्री आमच्या शिवणीवरून टाकून बांधली, आणि ती माणसं आपल्या ट्रकांकडे परत गेली.

जाऊबाईनं मला शेडमध्ये नेऊन खांबाला टेकवून बसवलं. आधी कोरड्या फडक्यानं तोंड झटकलं. एक खडा, एक कण राहू दिला नाही. मग पाण्याचे तांब्यावर तांबे डोळ्यांवर ओतले, पापण्या बोटांनी उघडून ओतले. मी ओरडत होते आणि ती ओतत होती. मग गालांना तेल लावायला बसली.  

"रडलीस काय?" ती म्हणाली.

"नाय. पाऊस आत आयला."

"पाऊस आत आयला असता तं आथा तू नि मी हितं बसलो नसतो."

फजल ओला चिंब होऊन दारात आला. माझा चेहरा बघून त्याचा चेहरा उतरला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी अडकल्यासारखं त्यानं जाऊबाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दुर्गाभाबी," तो म्हणाला, "पण नंदिनीची आई तर तुम्ही ना?"

बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तो हळदीला जेवला होता, त्याला माहीत होतं तेच तो विचारत होता. जाऊबाईचा हात माझ्या गालावर थांबला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, खांबाकडे तर नाहीच. माझ्याकडेच बघत म्हणाली,

"जल्म मी दिला. पन जल्म दिला म्हनून कोन…"

"बाय," मी तिचा हात धरला, "डोल्यात तेल जातंय. जरा हलू लाव."

डोळ्यात तेल जात नव्हतं. पण ते वाक्य एकदा मी मांडवात पुरं केलं होतं. तिला मी ते पुरं करू दिलं नाही. ती पदरानं माझ्या कपाळावरचं तेल पुसून पुन्हा तेल लावू लागली. फजलला मी सांगितलं की उभा काय राहिलास, चूल पेटव आणि चहा ठेव, तिघांचा.